मंगलोरी कौलांखाली काय घालावं : प्लास्टिक, फॉइल, पत्रा की मेंब्रेन?

मंगलोरी कौलांचं छप्पर पाणी उतारावरून वाहून नेतं. पाणीबंद मात्र ते कधीच नसतं. कौलावर कौल साधारण तीन इंच चढतं, शेजारच्या कौलाची खाच खाचेत बसते आणि सरळ पडणारा पाऊस तेवढ्यावर निघून जातो. कोकणातला पाऊस सरळ पडत नाही. आषाढात नैर्ऋत्येची झड आली की वारा पाणी खाचेतून उलटं वर ढकलतो आणि माळ्यावर तुषार यायला लागतात. त्यात माकडं. एक कळप आढ्यावरून गेला की काही कौलं सरकलेली आणि एखादं फुटलेलं असतंच. पूर्वी दर मे महिन्यात घर शाकारलं जायचं, फुटकी कौलं बदलली जायची, आढ्यावरचे कोने पुन्हा बसवले जायचे. आता कौलांवर अलगद पाय टाकून चालणारा माणूस गावात मिळणं कठीण, आणि ऐन पावसात तर नाहीच. म्हणून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात नवं घर बांधताना किंवा जुनं उतरवून पुन्हा चढवताना कौलांखाली अंडरले, म्हणजे पाणी अडवणारा एक थर, अंथरायची पद्धत वाढली आहे.

दुकानात या नावाखाली चार-पाच अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. त्यांतली एक घराचं आयुष्य वाढवते, एक घराचे वासे कुजवते, आणि दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्याच गुंडाळ्या असतात.

अंडरलेकडून काय अपेक्षा ठेवायची हे आधी ठरवलं पाहिजे. कौलांतून आत आलेलं थोडं पाणी वळचणीपर्यंत नेऊन पन्हळीत सोडणं, हे त्याचं मुख्य काम. फुटकं कौल बदलेपर्यंत चार-आठ दिवस घर कोरडं राहिलं पाहिजे. दुसरं काम वाऱ्याचं, आणि त्याच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. वादळात आढ्यावरून वारा गेला की कौलांच्या वरच्या बाजूला ओढ तयार होते. त्याच वेळी एखादं दार किंवा खिडकी उघडी पडली की घरात शिरलेला वारा खालून कौलं उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कितीतरी कौलारू घरं उघडी पडली. नीट आवळून बसवलेला अंडरले घरातून येणारा दाब स्वतःवर घेतो, कौलांपर्यंत तो कमी पोचतो. सैल सोडलेला अंडरले मात्र फुगतो आणि कौलांना खालून धक्के मारतो, म्हणजे नसता तर बरं झालं असतं. तिसरं काम धूळ, पालापाचोळा आणि उंदीर-वटवाघळं अडवण्याचं.

आणि एक काम जे तो करू शकत नाही: कमी उताराचं छप्पर वाचवणं. तीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त उतार असेल तरच मंगलोरी कौलं नीट चालतात. घर बुटकं दिसावं म्हणून पंधरा-अठरा अंशांवर कौलं घातली तर रोजचं पाणी अंडरलेवरूनच वाहणार, आणि त्या कामासाठी यांतली एकही वस्तू बनवलेली नाही.

आता एकेक माल.

सगळ्यात स्वस्त म्हणजे ताडपत्री किंवा काळं प्लास्टिक. पाणी ती अडवते, यात वाद नाही. पण कौल स्वतः पाणी पितं. मंगलोरी कौलांच्या आयएस ६५४ या भारतीय मानकात वरच्या प्रतीच्या कौलालाही वजनाच्या १८ टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा आहे. जुनी, पुन्हा वापरलेली कौलं याहून जास्त पितात. उघड्या छपरात हे पाणी वरून-खालून वाऱ्याने सुकतं. खाली चिकटून प्लास्टिक आलं की ओली रीप, म्हणजे कौलं टेकतात ती आडवी पट्टी, दोन बाजूंनी कोंडली जाते. घरातून वर येणारी वाफ, म्हणजे भाताची, आंघोळीच्या पाण्याची, वाळत घातलेल्या कपड्यांची, प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब होऊन वाशांवर पडते. आंब्या-फणसाच्या लाकडाच्या रिपा अशा छपरात लवकर भुसभुशीत होतात, आणि खिळे आधी गंजतात कारण हवेत खार आहे. वर कौलांची उष्णता सोसून साधं प्लास्टिक काही उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन घडीवर फाटतं. आमचं मत स्पष्ट आहे: एका पावसाळ्याची तात्पुरती सोय म्हणून कौलांच्या वर ताडपत्री टाका, पण कौलांखाली कायमची अंथरू नका. तिच्यापेक्षा काही न घातलेलं छप्पर चांगलं.

बबल फॉइल सध्या सगळ्यात जास्त खपतं. दोन चकचकीत पापुद्र्यांच्या मधे हवेच्या फुग्यांचं प्लास्टिक असतं. ते उष्णतेसाठी आहे आणि त्या कामात ते खरंच चांगलं आहे. चकचकीत अॅल्युमिनियम उष्णता फार कमी बाहेर टाकतं, त्यामुळे तापलेल्या कौलांची धग खोलीत उतरत नाही. अट एकच: चकचकीत बाजूला लागून किमान एक इंच मोकळी हवा पाहिजे. फॉइल कौलांना किंवा खालच्या फळ्यांना टेकलं की ते चांदीच्या रंगाचं साधं प्लास्टिक उरतं. वरच्या बाजूवर एक-दोन वर्षांत धूळ बसते आणि तिचा उपयोग कमी होतो, म्हणून खालची बाजू मोकळी आणि चकचकीत असणं जास्त महत्त्वाचं. स्वस्त मालात खऱ्या अॅल्युमिनियमऐवजी प्लास्टिकवर धातूचा नुसता मुलामा असतो. किनाऱ्याजवळ तो काळपट पडून झडतो. नखाने खरवडून बघा, चांदी बोटाला आली तर घेऊ नका.

पाण्याच्या बाबतीत फॉइलचे गुण कमी भरतात. पट्टे टेपने जोडलेले असतात आणि टेप धुळीच्या पृष्ठभागावर सुटते. ते वाफ सोडत नाही, म्हणजे प्लास्टिकचा दोष यातही आहेच, फक्त मधे हवा असल्याने थेंब कमी धरतात. उंदीर कुरतडतात. आणि ते जळतं: वेल्डिंगची ठिणगी पडली तर भोक पडून कडा वितळत जाते. उकाडा हीच मुख्य तक्रार असेल, उतार चांगला असेल आणि कौलं नवी, घट्ट बसणारी असतील तर फॉइल चालेल. आढ्याजवळ दोन्ही उतारांवर दोन-तीन इंच जागा उघडी ठेवा, म्हणजे कोंडलेली वाफ निघून जाईल. पण फॉइल घातलं म्हणजे गळतीची काळजी मिटली, असं सांगून ते विकलं जातं, ते खरं नाही.

पत्र्यावर कौलं ही आता गावोगाव दिसणारी पद्धत. लोखंडी सांगाड्यावर रंगीत पत्रा, त्यावर पाइपच्या रिपा आणि वर दिसण्यासाठी कौलं. पाणी अडवण्यात याला तोड नाही. माकडांनी अर्धी कौलं काढून टाकली तरी घर कोरडं. दोष तीन. रिपा पत्र्यावरून आडव्या जातात तिथे पाला अडकतो आणि ओल धरून पत्र्याचा लेप खातो. प्रत्येक स्क्रू हे एक भोक आहे, आणि त्याच्या रबरी वॉशरचं आयुष्य पत्र्याच्या आयुष्यापेक्षा बरंच कमी. तिसरं म्हणजे हिवाळ्यातल्या पहाटे पत्र्याच्या खालून घाम टपकतो, तेव्हा खाली छत किंवा वाफ अडवणारा थर लागतोच. रिपा पत्र्याच्या उंच नाळेवरच टेकतील आणि स्क्रूही तिथेच येतील असं फॅब्रिकेटरला आधी सांगितलं, तर हा पर्याय पुष्कळ वर्षं त्रास देत नाही. खर्च मात्र दोन छपरांचा होतो.

डांबरी फेल्ट आपल्याकडे कौलांखाली फारशी वापरू नये. तिला खाली सलग फळ्या किंवा प्लाय लागतो, वाशावाशांच्या मधे ती झोळ धरते आणि उन्हात मऊ होते. स्लॅबवर कौलं लावायची असतील तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे तीन-चार मिलिमीटरचं एपीपी (डांबरात पॉलिमर मिसळलेलं) मेंब्रेन गॅसच्या टॉर्चने चिकटवणं योग्य, पण लाकडी फळ्यांवर टॉर्च कधीही चालवू देऊ नका.

राहिलं ते श्वास घेणारं मेंब्रेन, आणि कोकणातल्या कौलारू घरासाठी आमची पहिली पसंती तीच. याचे दोन प्रकार मिळतात. एक तीन थरांचं पॉलिप्रॉपिलीन: वर-खाली न विणलेलं कापड आणि मधे पाणी अडवून वाफ सोडणारी बारीक फिल्म. दुसरं टायवेकसारखं, पॉलिइथिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंचं एकच पान. दोन्हीही पाण्याचा थेंब अडवतात आणि वाफ जाऊ देतात. माहितीपत्रकावर दोन गोष्टी बघा. पाणी रोखण्याचा वर्ग डब्ल्यू१ असावा. त्या चाचणीत २० सेंटिमीटर उंचीचं पाणी दोन तास धरून ठेवावं लागतं. आणि वजन दर चौरस मीटरला तीन थरांच्या मालात निदान १३५ ते १५० ग्रॅम असावं. १००-११० ग्रॅमचा माल स्वस्त पडतो, पण कौलं चढवणाऱ्याचा गुडघा टेकला की फाटतो.

श्वास घेणारं म्हणून नुसतं लेप दिलेलं विणलेलं पोतं विकणारेही आहेत. पारख घरीच होते. नमुन्याचा तुकडा कडकडीत पाण्याच्या पेल्यावर रबराने ताणून बांधा आणि त्यावर थंड स्टीलची वाटी उपडी घाला. काही मिनिटांत वाटीच्या आत दव धरलं तर वाफ जाते आहे. वाटी कोरडी राहिली तर माल परत करा. दुसऱ्या तुकड्याची खोलगट झोळी करून त्यात पाणी घालून रात्रभर ठेवा. खाली थेंब नको.

मेंब्रेनचा मोठा शत्रू ऊन. बहुतेक कंपन्या तीन-चार महिने उघडं ठेवायची मुदत देतात, पण एप्रिल-मेचं ऊन सोसवून मग कौलं चढवणं शहाणपणाचं नाही. पंधरवड्यात कौलं चढतील अशाच बेताने अंथरा. आणखी एक: रिपा-वाशांना काजूतेल किंवा इतर वाळवीनाशक लावलं असेल तर ते पूर्ण सुकू द्या. ओलं तेल मेंब्रेनला लागलं की त्या पट्टीवर पाणी झिरपायला लागतं.

इथपर्यंत मालाचं झालं. गळतीच्या बहुतेक तक्रारी मात्र बसवण्यातून येतात, आणि त्यांतल्या दोन चुका सारख्या सारख्या दिसतात.

पहिली चूक उभ्या पट्टीची. वाशांवर मेंब्रेन, आणि त्यावर थेट आडव्या रिपा ठोकल्या की प्रत्येक रीप एक बंधारा होते. एखादं कौल उचलून आत पाहिलं की दिसतं: रिपेच्या वरच्या अंगाला मातीची ओली रेघ, त्यात कुजका पाला, उंदराच्या लेंड्या, आणि नेमका तिथेच खिळा मेंब्रेनमधून खाली गेलेला. पाणी उतरायला वाट नाही, म्हणून ते खिळ्याच्या कडेने थेंबथेंब वाशात मुरतं. यावर उपाय साधा आहे. मेंब्रेन वाशांवर ताणून अंथरायचं, प्रत्येक वाशाच्या रेषेत त्यावर एक इंच जाड, दीड-दोन इंच रुंद उभी पट्टी ठोकायची, आणि मग त्यावर आडव्या रिपा. आता रिपेखालून एक इंचाची वाट मोकळी राहते. पाणी, धूळ सगळं वळचणीकडे सरकतं, कौलं दोन्ही बाजूंनी सुकतात, आणि मेंब्रेन पट्टीखाली आवळलेलं असल्याने वाऱ्यात फुगत नाही. लाकूड वाचवायला म्हणून ही पट्टी वगळली जाते. पैसे कमी असतील तर मेंब्रेन मधल्या प्रतीचं घ्या, पण पट्टी सोडू नका. पट्टी नसलेलं महागडं मेंब्रेन आणि पट्टी असलेलं साधं मेंब्रेन यांत दुसरं जास्त टिकतं.

लोखंडी सांगाडा असेल तर एक सक्त सूचना. मेंब्रेन अंथरल्यावर त्याच्या वर वेल्डिंग नको. प्रत्येक ठिणगी एक भोक करते, ते डोळ्याला दिसत नाही आणि पावसातच कळतं. पट्ट्या आणि रिपा सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने बसवून घ्या. फॅब्रिकेटर कुरकुर करेल, कारण वेल्डिंग लवकर होतं. करारातच लिहून घ्या.

दुसरी चूक वळचणीची. मेंब्रेन पुढच्या फळीच्या मागेच कापून सोडलं जातं. मग उतारावरून आलेलं पाणी फळीमागे साचून तिथे पाण्याची पिशवी लोंबते, आणि एक दिवस ती भिंतीवर फुटते. मेंब्रेनचं टोक पन्हळीत पडलं पाहिजे. पण तिथे ऊन लागतं, म्हणून शेवटचा फूटभर भाग अॅल्युमिनियम किंवा जस्ती पत्र्याच्या घडीचा करा: पत्रा फळीवरून पन्हळीत उतरलेला, त्याचं वरचं टोक मेंब्रेनच्या खाली निदान सहा इंच गेलेलं. फळीची वरची कड वाशांच्या पातळीपेक्षा उंच नको, नाहीतर उलटा उतार तयार होतो.

पट्टे नेहमी खालून वर अंथरायचे, वरचा पट्टा खालच्यावर सहा इंच चढलेला. लांबीतला जोड वाशावरच यावा, अधेमधे नाही. छापील बाजू वर. आढ्यावरून शेवटचा पट्टा दोन्ही उतारांवर उतरला पाहिजे. दोन उतार कोनात मिळतात तिथे आधी मीटरभर रुंदीचा स्वतंत्र पट्टा त्या कोनाच्या रेषेत घाला, बाजूचे पट्टे त्यावर आणा, आणि मग पत्र्याची पन्हळ. सोलर किंवा धुरांड्याचा पाइप वर येतो तिथे मेंब्रेनला चांदणीसारखा छेद देऊन पाकळ्या पाइपवर चार इंच वर वळवून टेप करा. पाइपच्या वरच्या अंगाला एक तिरकी घडीही करा, म्हणजे पाणी बाजूने वळेल.

माल किती लागेल हे दुकानदार क्षेत्रफळावर काढतो आणि कमी पडतं. उदाहरण घ्या: वळचणींसह १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, दोन उतारांचं, तीस अंशांचं छप्पर. एका उताराची वाशांवरची लांबी ४.६२ मीटर, दोन्ही मिळून क्षेत्र सुमारे १११ चौरस मीटर. रोल दीड मीटर रुंद, ५० मीटर लांब, म्हणजे ७५ चौरस मीटर. क्षेत्रफळावर दीड रोल दिसतो. पट्ट्यांवर मोजा: सहा इंच चढ धरून तीन पट्टे ४.२ मीटर झाकतात, दोन उतारांचे मिळून सहा, आणि आढ्यावर दोन्हीकडे उतरणारा सातवा. सात पट्टे गुणिले १२ म्हणजे ८४ मीटर, वर जोड आणि कडांची वळणं. दोन रोलच लागतात. याच छपराला दर चौरस मीटरला १५ धरून १,६६५ कौलं लागतील, वर शंभरामागे पाच-दहा तुटीची धरा.

अंडरले आला म्हणून कौलं बांधायची टाळू नका. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याजवळची ओळ आणि दोन्ही कडांची कौलं तारेने रिपेला बांधलीच पाहिजेत. किनाऱ्यापासून जवळ असाल तर जस्ती तारेऐवजी तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची वापरा.

जुन्या घराच्या बाबतीत दोन प्रश्न आधीच सोडवा. चुलीचं स्वयंपाकघर असेल तर धूर आजवर कौलांच्या फटींतून जात होता. अंडरले त्याची वाट बंद करतो, धूर माजघरात पसरतो, आणि काजळीने मेंब्रेनची छिद्रंही भरतात. एक तर नवं धुरांडं बसवा किंवा चुलीवरचा तेवढा भाग अंडरलेविना सोडा आणि तिथल्या मोकळ्या कडा वर वळवा, नाहीतर वरून येणारं पाणी नेमकं चुलीवर पडेल. दुसरा प्रश्न काचेच्या कौलांचा. त्यांच्याखाली अंडरले आला की ओटी-माजघरातला उजेड गेला. प्रत्येक काचेच्या कौलाखाली लाकडी चौकट बसवून मेंब्रेन तिच्या चारी बाजूंनी वर वळवून ठोकावं लागतं. ती जागा अंथरण्याआधी खडूने आखून ठेवा.

आणि कौलं चढायच्या आधी, रिपा ठोकून झाल्यावर, आढ्यावरून पाइपने अर्धा तास पाणी सोडा. एक माणूस आत माळ्यावर बॅटरी घेऊन, एक बाहेर वळचणीखाली. सगळं पाणी पन्हळीत पडलं पाहिजे. भिंतीवर ओघळ दिसला तर वळचणीचा पत्रा त्याच दिवशी उचलून नीट बसवून घ्या. कौलं चढल्यावर त्यासाठी खालच्या ओळी पुन्हा उतरवाव्या लागतात.